बूट काढेपर्यंत

"अजून दोन वर्षं म्हणजे या खिडक्यांना जाड पडदे करून घे," मोठे कॅप्टन सूप फुंकता फुंकता सुनेला म्हणाले. "या पडद्यांनी तिसरा हिवाळा निघायचा नाही."

धाकटी सून पाव कापत होती. तिची सुरी अर्ध्यात थांबली.

"कुठली दोन वर्षं, बाबा?"

मोठ्या कॅप्टननी मुलाकडे पाहिलं, मुलाने मीठदाणीकडे. आपण भलत्याच जागी पाय ठेवला हे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"नाही, तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, इथली मुदत वाढवून घेतली म्हणून. मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलंय."

"आमचं?" धाकटी म्हणाली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "उद्या छोटूचं उड्डाण आहे," त्या म्हणाल्या.

तेवढं पुरे होतं. या घराण्यात या चार शब्दांनी थोरल्याच्या लग्नाचा वाद मिटवला होता, नणंदेचा अबोला लांबवला होता आणि एकदा तर भिंत ओली का याची चर्चाही सहा महिने पुढे ढकलली होती. नियम सासूबाईंचा. मोठे कॅप्टन हेलिकॉप्टर चालवायचे तेव्हापासूनचा. उड्डाणाच्या आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाला बसल्यापासून ते दुसऱ्या दिवशी तो माणूस परत येऊन दारात बूट काढेपर्यंत घरात वाकडा शब्द निघायचा नाही. वर जाणाऱ्याच्या डोक्यात घरचा कचरा नको.

मोठे कॅप्टन निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, आणि आता दोघं थोड्या दिवसांसाठी मुलाकडे आले होते. नियम मात्र नोकरीत होता, कारण मुलगाही कॅप्टन झाला. आईच्या लेखी तो छोटूच. बेचाळीस वर्षांचा, सहा फुटांचा, डोंगरमाथ्यावरच्या अंगणाएवढ्या जागेत यंत्र उतरवणारा छोटू.

धाकटीने पाव कापून पुरा केला. हिवाळ्याआधी वरच्या सगळ्या चौक्यांवर धान्य, रॉकेल आणि औषधं भरून ठेवायची होती, म्हणून रविवारसुद्धा सुटीचा राहिला नव्हता. नवरा रोज सकाळी उडायचा आणि रोज दुपारी घरी यायचा. त्याने बूट काढणं आणि जेवायला बसणं यांच्यामध्ये जेमतेम पंधरा मिनिटं मिळत. तेवढ्या वेळात तो हातपाय धुऊन घ्यायचा. मग जेवण, आणि जेवणाबरोबर उद्याचं उड्डाण. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि आपण नवऱ्याशी शेवटचं मोकळेपणाने कधी बोललो हे तिला आठवेना.

जेवायला पाचवा माणूस होता नकाशे. हे त्याचं आडनाव नव्हे. प्रशिक्षणात असताना नकाशा उलटा धरूनही तो बरोबर ठिकाणी पोचला होता, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं. छोटूचा पंधरा वर्षांपासूनचा दोस्त, आणि कोणी कधी उडायचं ते ठरवणारा इथला अधिकारी. घासाबरोबर बोलणंही गिळून तो ताटात बघत बसला होता.

"फळा आहे का रे अजून तुमच्याकडे?" मोठ्या कॅप्टननी त्याला विचारलं. विषय बदलायला त्यांना काहीही चाललं असतं.

"आहे ना. खडूच वापरतो."

"आणि नाव पुसायची पद्धत?"

"तीही आहे. ज्याने स्वतःच्या हाताने आपलं नाव पुसलं, त्याला कारण विचारायचं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही."

"चांगली पद्धत. ज्याची झोप झाली नाही, ज्याचं मन लागत नाही, त्याने निमूट पुसावं आणि घरी जावं." मोठे कॅप्टन ताठ बसले. "मी मात्र सव्वीस वर्षांत एकदाही पुसलं नाही."

सासूबाईंनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्यांनी सुनेकडे पाव मागितला.

*

नकाशे निघाला तेव्हा धाकटी पायात चपला सरकवून त्याच्याबरोबर बाहेर पडली. तुमच्या मेकॅनिकच्या घोट्याचा पट्टा दुरुस्त झालाय, देऊन येते, असं तिने घरात सांगितलं. ते खरंच होतं. इथे येण्याआधी ती शहरातल्या मोठ्या इस्पितळात कृत्रिम हातपाय बनवायची. साच्यातून पाय काढून, घासून, माणसाला उभं करून, चार पावलं चालवून बघायचं, हे तिचं काम. इथे आल्यावर लोक तिच्याकडे फाटके बूट आणि तुटके पट्टे घेऊन येत. तिने कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

दोघं कचेरीत आले. कचेरी म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. एका टेबलावर हवामानाचे कागद, दुसऱ्यावर सामान तोलायच्या काट्याची वजनं, आणि समोरच्या भिंतीवर महिन्याचा फळा. एका तारखेला एक चौकोन, चौकोनात उडणाऱ्याचं नाव.

तिने पट्टा टेबलावर ठेवला आणि ती फळ्यापुढे उभी राहिली. नकाशेला वाटलं, ती उद्याचा चौकोन बघतेय. पण तिचं बोट मागे मागे गेलं आणि पाच तारखेवर थांबलं.

"गेल्या शुक्रवारी टपाल आलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"पिशवी त्यानेच आणली होती. त्यात माझ्या इस्पितळाचं पत्र होतं. पाकिटावर शिक्का होता, त्याने बघितला. माझी दोन वर्षांची रजा संपतेय. येताय की जागा दुसऱ्याला देऊ, ते परवाच्या टपालाने कळवायचंय." तिचं बोट पुढे सरकलं. "आणि सहा तारखेपासून आजपर्यंत सगळ्या चौकोनांत हाच. भावजी, यातल्या निम्म्या पाळ्या तुमच्या असणार."

"माझ्या होत्या. त्याने मागून घेतल्या."

"का दिल्यात?"

नकाशेला एकदम अवघडल्यासारखं झालं. "वहिनी, तो म्हणाला की तुम्हीच सांगितलंत. बढतीसाठी उड्डाणाचे तास कमी पडतायत तर आत्ताच उडून घे म्हणून. घरून काही हरकत नाही म्हणाला."

धाकटी हसली. 

"मला घरून हरकत घ्यायला वेळ कुठे होता?" ती म्हणाली. "रोज उद्या उड्डाण. पत्राचा विषय मी चार वेळा त्या पंधरा मिनिटांत काढला, चारही वेळा तो मोरीत होता. उद्याचं त्याचं नाव काढा. मला एक दिवस द्या."

"मी काढलं तर वहीत कारण लिहावं लागतं. आजारी आहे, नाहीतर मन ठिकाणावर नाही. तो आजारी नाही. आणि दुसरं लिहिलं तर ते जन्मभर त्याच्या मागे लागेल."

"मग त्याला सांगा, स्वतः पुस म्हणून."

"तेही चालत नाही. पुस असं दुसऱ्याने सांगायचं नाही. नाहीतर त्या पद्धतीला अर्थच काय?"

"म्हणजे तुमच्याकडेही नियम आणि आमच्याकडेही नियम," धाकटी म्हणाली. "मी बोलायचं कुठे?"

 ती गेल्यावर नकाशे फळ्यासमोर बसून राहिला. पंधरा वर्षांत त्याने छोटूला आपले हातमोजे दिले होते, आपली खोली दिली होती, एकदा वरिष्ठांपुढे त्याची चूक स्वतःवर घेतली होती. त्याचं काही नव्हतं, ते दोस्तीत चालतं. पण या माणसाने आपल्याला हाताशी धरून आपल्याच वहिनीचं तोंड बंद केलं, आणि आपल्याला कळलंही नाही, हे त्याला फार लागलं.

*

संध्याकाळी उजेड असतानाच सासू-सुनेने भांडी काढली. धाकटी विसळत होती, सासूबाई पुसत होत्या. बापलेक अंगणात उभे राहून वाऱ्याबद्दल बोलत होते. या बापलेकांचं वाऱ्याबद्दल फार छान जमायचं.

"पत्राचं उत्तर लिहिलं, आई," धाकटी म्हणाली. "येते म्हणून कळवलंय. परवा तुम्ही जाल त्याच विमानाने टपाल जाईल."

सासूबाईंचा हात फडक्यातच राहिला. आल्या दिवसापासून त्या मुलाच्या बाजूने होत्या. निदान त्यांना तसं वाटत होतं. "त्याला सांगितलंस?"

"उद्या उड्डाण आहे ना."

सुनेने ते टोमण्याने म्हटलं नव्हतं, हेच सासूबाईंना जास्त झोंबलं. त्यांनी एक ताट पुसलं, मग तेच पुन्हा पुसलं.

"मी अठ्ठावीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "सकाळी नळाच्या गळतीवरून आमचं वाजलं. मी म्हटलं, तुमच्याच्याने एक नळ दुरुस्त होत नाही. हे तसेच गेले. दुपारी यंत्र बंद पडलं आणि कोणाच्या तरी शेतात उतरले. संध्याकाळी चिखलाने भरून घरी आले, खरचटलंसुद्धा नव्हतं. पण दुपारभर माझ्या डोक्यात एकच, माझा शेवटचा शब्द नळाचा होता. त्या दिवसापासून मी तोंड शिवून घेतलं."

"आणि नंतर? बाबा निवृत्त झाल्यावर?"

"पहिल्या सोमवारी चहा केला आणि समोर बसले. म्हटलं, आता उड्डाण नाही की काही नाही, आता सव्वीस वर्षांचं सगळं काढायचं. ऐक, बसले तर काही आठवेना. ह्यांनी विचारलं, काय गं? मी म्हटलं, साखर बरोबर आहे ना?" त्या स्वतःशीच हसल्या. "सगळं विसरले होते. एक सोडून."

"कोणतं?"

"ते त्यांचं आहे. त्यांच्या आधी तुला सांगितलं तर चहाडी होईल."

"मग त्यांना सांगितलंत?"

"सवय गेली गं," सासूबाई म्हणाल्या.

 धाकटीने हात कोरडे केले आणि ती कपाटातून पाकिटाला लावायचा डिंक काढायला गेली. सासूबाईंनी तिच्या पाठीकडे पाहिलं. आपल्याला ही मुलगी आवडते, हे ती घरात आल्यापासून त्यांच्या मनात पहिल्यांदा इतकं स्वच्छ आलं. हिला साखरेबद्दल विचारत बसायची पाळी येऊ नये, असं त्यांना वाटलं.

*

गुरुवारी सकाळी साडेसहाला छोटू पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. आकाश निवळलं होतं. धाकटीने चहा दिला होता, डबा दिला होता, सांभाळून जा म्हणाली होती. सगळं रोजच्यासारखं होतं आणि त्याला रोजच्यासारखं हायसं वाटलं होतं.

आई शाल गुंडाळून मागे येऊन उभी राहिली.

"छोटू, तू भित्रा आहेस."

त्याला आधी हसू आलं. मग त्याने वर पाहिलं. "आई, मी उडायला निघालोय."

"म्हणून तर आत्ता सांगतेय. एरवी तू सापडतोस कुठे?" तिचा आवाज चढला नव्हता. "तो नियम मी केला तो तुझे बाबा धडपणे घरी यावेत म्हणून. तू तो बायको गप्प बसावी म्हणून वापरतोयस. मला आवडलं नाही."

"असं काही नाहीये."

"बरं," आई म्हणाली आणि आत गेली.

कचेरीपर्यंतची वाट सात मिनिटांची. ती त्याला कधी लांब वाटली नव्हती, आज वाटली. असं काही नाहीये, हे त्याने दोनदा मनात म्हणून पाहिलं. पण पाकिटावरचा शिक्का बघितला तो क्षण त्याला लख्ख आठवत होता. शहरात तिला ओळखणारी माणसं रस्त्यात थांबायची, पँट वर करून पाय दाखवायची, बघा बाई, अजून मजबूत आहे म्हणायची. तो शेजारी पिशवी धरून उभा असायचा. तिथे त्याच्या वाट्याला एक टेबल होतं आणि चाळीस जणांत एक नाव. इथे त्याच्या यंत्राचा आवाज ऐकला की चौकीवरची माणसं बाहेर पळत येत. पत्राबद्दल बोललो असतो तर हे सांगावं लागलं असतं. सांगायची लाज वाटत होती. म्हणून तो उडत राहिला, आणि पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुदतवाढीच्या अर्जावर सही करून मोकळा झाला.

नकाशे हवामानाचा कागद वाचत होता. त्याने मान वर केली नाही. "चौथ्या चौकीवर वारा आहे. जास्त नाही. पीठ आणि रॉकेल, वजन लिहिलंय."

"काय झालं, नकाश्या?"

"काही नाही."

"अरे, पंधरा वर्षं ओळखतो मी तुला."

नकाशेने कागद खाली ठेवला. "काल वहिनी आल्या होत्या. त्यांनी तुला उडायला सांगितलंच नव्हतं म्हणे. तू माझ्याकडे सरळ मागितलं असतंस, मला घरी थांबायचं नाही म्हणाला असतास, तरी मी एखादवेळेस पाळी दिली असती. पण तू खोटं बोललास. मला वाईट वाटलं. एवढंच आहे. आता यंत्र तपासायला जा, मेकॅनिक वाट बघतोय."

"चुकलं माझं."

"माझ्याकडे चुकलं ते थोडं आहे," नकाशे म्हणाला आणि पुन्हा कागद वाचू लागला.

छोटू दारापर्यंत गेला. बाहेर यंत्र उभं होतं, पाती बांधलेली, शेजारी पिठाची पोती. झोप झाली होती, हवा चांगली होती. पण आई म्हणाली ते डोक्यातून जाईना, आणि असं डोकं घेऊन वर जायचं नसतं हे तो नव्या मुलांना स्वतःच शिकवायचा. तो परत फिरला. फळ्यापुढे उभा राहिला. डस्टर कुठे दिसेना, म्हणून त्याने बाहीनेच आजच्या चौकोनातलं आपलं नाव पुसलं. आजवर पहिल्यांदा.

नकाशे उठला. त्याने खडू घेतला आणि त्याच चौकोनात स्वतःचं नाव लिहिलं. कारण विचारलं नाही. छोटूच्या बाहीवरचा खडू मात्र त्याने दोन चापट्या मारून झटकला.

"घरी गेल्यावर आधी बूट काढ," तो म्हणाला.

*

मोठे कॅप्टन फिरायला निघायच्या तयारीत मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. बूट चढवून झाले होते. एवढ्यात पुढच्या दारात पावलं वाजली आणि कोणीतरी पायरीवर बसलं. एक बूट निघाल्याचा आवाज, मग दुसरा.

"हवा खराब झाली?" सुनेचा आवाज.

"हवा चांगली आहे. नाव पुसलं."



"किती वेळ आहे?"

"दिवसभर."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मोठे कॅप्टन दार लोटायला उठले, तर बायकोने मानेनेच नको म्हटलं. ती पलंगाच्या काठावर बसून टॉवेलची घडी करत होती.

बोलणं आधी हळू चाललं होतं, मग वाढलं. "दोन वर्षं मी लोकांच्या बुटांना टाके घातले," सून म्हणत होती. "हसत घातले. दोनच वर्षं म्हणाला होतास म्हणून. आणि सही केल्याचं मला कळतं ते बाबांकडून, पडद्यांवरून." मुलगा काहीतरी म्हणाला. "मोठ्याने बोल," ती म्हणाली. मग त्याचा आवाज आला, मोठ्या कॅप्टननी त्याच्या लहानपणानंतर न ऐकलेला. "तिकडे तू कोण आहेस ते सगळ्यांना माहीत आहे. मी तिकडे कोण?"

"हे मला पाच तारखेला सांगायचं होतंस. मी ऐकलं असतं."

"आता काय करणार आहेस?"

"मी उत्तर लिहिलंय. येते म्हणून. पाकीट चिकटवलंय, फोडणार नाही."

 मोठ्या कॅप्टनना वाटलं, संपलं. पण मुलगा म्हणाला, "नको फोडूस. उद्या मीच टपालात टाकतो. माझी सही मागे घेता येईल की नाही, मला माहीत नाही. विचारतो."

"मला वाटत होतं तू म्हणशील, जा एकटी."

"म्हणणार होतो. वाटेत."

आणि दोघं पुन्हा भांडू लागले, यावेळी त्या मोरीत घालवलेल्या पंधरा मिनिटांवरून.

"अगं, भांडतायत की ती," मोठे कॅप्टन कुजबुजले.

"ऐकतेय मी."

"आपल्या घरात असं कधी झालं नाही. किती शांतता असायची."

बायकोने घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.  मोठ्या कॅप्टननी तिच्या हातांकडे पाहिलं. हे आपण अकरा वर्षं बघतोय, ही घडी घालते आणि मोडते, आणि आपण म्हणतो घरात शांतता आहे, असं त्यांच्या मनात आलं. ते मनात आलं आणि त्यांना भीती वाटली. शेतात यंत्र उतरवलं तेव्हाही वाटली नव्हती इतकी.

"तुझं काही बोलायचं राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"माझं?"

"माझंही आज काही उड्डाण नाही."

तिने टॉवेल बाजूला ठेवला.  सवय नव्हती, तरी तिने सुरुवात केली.

"माझी आई गेल्याची तार आली," ती म्हणाली, "त्या सकाळी मी तुम्हाला चहा दिला आणि सांभाळून जा म्हटलं. मी एकटी गेले गाडीने. तार टेबलावर होती. तुम्ही वाचली होतीत का?"

पुढच्या खोलीत सून काहीतरी म्हणाली आणि मुलगा हसला, मग दोघंही एकदम बोलू लागले.

"वाचली होती," मोठे कॅप्टन म्हणाले.

"मग नाव का नाही पुसलंत?"

 ते सावकाश वाकले, गुडघा कुरकुरला, आणि त्यांनी बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. एक बूट काढला. दुसरा काढला. दोन्ही पलंगाखाली सरकवले आणि खुर्ची तिच्या समोर ओढून घेतली.

"बोल," ते म्हणाले.